कान माझे, किल्ली कंपनीची

दि. ९ जानेवारी

चि. मुंगे,

पाकिटावरचं अक्षर बघून काका गेले की काय असा धसका घेऊ नकोस. गेलेला माणूस पत्ता इतका नीट लिहीत नाही. फोनवर मला माणसं बदकांसारखी ऐकू येतात, आणि मेसेज लिहायला गेलो की माझं एक बोट तीन अक्षरं दाबतं. म्हणून हा कागद.

विषय कानाचा आहे. तीन महिन्यांपूर्वी मी श्रवणयंत्रं घेतली, तीही तुझ्याच कंपनीची, पुतणीचा अभिमान म्हणून. बोलणं उत्तम ऐकू येतं. इतकं की तुझी काकू हिरमुसली आहे. पूर्वी ती माझ्याबद्दल माझ्याचसमोर मोकळेपणानं बोलायची, आता तिला स्वयंपाकघरात जावं लागतं.

पण मी पडलो पियानो लावणारा. चव्वेचाळीस वर्षं लोकांच्या तारा सुरात आणतोय. परवा संगीतशाळेतल्या मोठ्या पियानोची मधली पट्टी दाबून धरली. सूर दोन क्षण सरळ चालला आणि मग शेळीसारखा बेंबें करायला लागला. दुसरी तार घेतली, तेच. तासभर खुंट्या पिळत बसलो. शेवटी वैतागून यंत्रं काढली, सूरकाटा वाजवून त्याचा दांडा दातांत धरला. जबड्यातून स्वच्छ, सरळ सूर आला. शेळी पियानोत नव्हती, माझ्या कानात होती.

क्लिनिकमधल्या बाईंनी उलगडा केला. अशा यंत्रांना शिट्टी मारायची खोड असते, म्हणून आत एक पहारेकरी बसवलाय. लांब, सरळ सूर आला की त्याला ती शिट्टीच वाटते आणि तो तिचे तुकडे करतो. म्हटलं, मग त्याला उठवा. बाईंनी त्यांच्या कॉम्प्युटरवर दाखवलं. बटण आहे! पण राखाडी. दाबलं तर दबत नाही. "हे कंपनीनं बंद ठेवलंय," म्हणाल्या.

मुंगे, कान माझे, यंत्र माझं, त्यातला पहारेकरी मात्र तुझ्या कंपनीच्या हुकमतीत. जरा कुणाला तरी सांगून तेवढं बटण काळं करून दे. एका बटणाचं काम आहे.

तुझा,
काका

*

दि. १८ जानेवारी

ती. काका,

नमस्कार. पत्र ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. शेजारचा विचारत होता, हा कसला कागद आहे.

तुमची अडचण समजली. पण ते बटण तुमच्या सुरक्षेसाठीच बंद आहे. चुकीच्या जुळणीनं आवाज एकदम वाढून उरलंसुरलं ऐकू येणंही जाऊ शकतं. यंत्र घेताना तुम्ही एक्केचाळीस पानांच्या करारावर सही केलीत, त्यात हे सगळं आहे. आमचं एक संगीत पॅकेजही येणार आहे, तुमच्या मॉडेलवर चालेल की नाही हे अजून ठरलेलं नाही. क्लिनिकमार्फत रीतसर तक्रार नोंदवा. प्रत्येक तक्रार वाचली जाते.

मी यात काही करू शकत नाही हो. माझा विभाग वेगळा. मी फक्त पडद्यावरची बटणं, त्यांचे रंग, एवढंच बघते.

काकूला नमस्कार. थंडीत कान झाकून फिरा.

तुमची,
मुंगी

*

दि. २७ जानेवारी

चि. मुंगे,

बटणांचे रंग तूच बघतेस? मग राखाडीचं काळं करायला इतके आढेवेढे का गं?

करार वाचला. पानं एक्केचाळीस आणि अक्षर मुंगीच्या पायाएवढं (तुझ्या नव्हे). भिंगातून चार दिवस लागले. त्यात मी यंत्र विकत घेतलं असं कुठंही म्हटलेलं नाही. यंत्रातला प्रोग्रॅम कंपनीचा आहे आणि तो 'वापरण्याची मर्यादित परवानगी' मला मिळालेली आहे. तेविसाव्या पानावर लिहिलंय की यंत्र उघडून बघायचं नाही, बघितलेलं कुणाला सांगायचं नाही, आणि तसा प्रयत्न करणाऱ्याला मदतही करायची नाही. म्हणजे माझ्या कानात काय चाललंय याची चौकशी मी केली तर तो माझा आगाऊपणा ठरतो. काकू म्हणाली, "लग्नाच्या वेळी मला असा करार करता आला असता तर!"

तक्रार नोंदवली. दोन दिवसांत उत्तर आलं : 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' खाली विचारलंय की या उत्तरावर आपण किती समाधानी आहात, पाचपैकी तारे द्या.

आता जरा गंभीर. संगीतशाळेच्या मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. दार लावलं की मला कळतं. म्हणाल्या, "काका, यावेळी वरचे सूर थोडे... मुलांनीसुद्धा ओळखलं." मुलांनी, मुंगे! मेमध्ये त्यांचा वार्षिक कार्यक्रम आहे. तोवर जमलं नाही तर त्या दुसरा माणूस बघणार. दुसरा माणूस फोनमधल्या काट्याकडे बघून तारा लावतो. त्याला कान लागतच नाहीत.

दातांत सूरकाटा धरून अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा पियानो लागत नाही. म्हणून मी ठरवलंय. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक कॉम्प्युटरवाला आहे, तो म्हणतो जगात असं कुठलंही कुलूप नाही ज्याचा क्रॅक त्याच्याकडे नाही. शनिवारी जातोय.

काका

*

दि. १ फेब्रुवारी

काका,

जाऊ नका. हे पत्र मिळाल्यावर जिथं असाल तिथून परत फिरा.

ते क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर तीन आवृत्त्या मागचं असतं. तुमच्या यंत्राची सही, म्हणजे आतला ओळखीचा आकडा, त्याला जुळवता येत नाही. तीन चुकीचे प्रयत्न झाले की यंत्र स्वतःला कुलूप लावून घेतं, आणि ते क्लिनिकलाही उघडत नाही. शिवाय तो भामटा तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आणखी काय सोडून देईल याचा भरवसा नाही.

पत्र घाईत लिहितेय. कृपा करून जाऊ नका.

मुंगी

*

दि. ११ फेब्रुवारी

चि. मुंगे,

तुझं पत्र सोमवारी आलं. मी शनिवारी जाऊन आलो होतो.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. माणूस हुशार, हात चपळ, तोंड त्याहून चपळ. काकूचा लॅपटॉप घेऊन गेलो होतो. त्यानं त्यात काहीतरी चढवलं, यंत्रं वायरीला जोडली आणि म्हणाला, "काका, आता तुम्हीच तुमच्या कानाचे मालक." मालकी साधारण चार मिनिटं टिकली. उजव्या कानात असा आवाज चढला की शेजारी कुणी कागद चुरगळला तर पत्र्याचं छप्पर कोसळल्यासारखं वाटलं. मी ओरडलो, तेही ऐकू आलं. त्यानं घाईघाईनं मागं घ्यायला बघितलं, एकदा, दोनदा, तीनदा. मग गोंगाट थांबला आणि यंत्र जुन्याच जुळणीवर कुलूपबंद झालं. तो म्हणाला, "हार्डवेअर खराब दिसतंय," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तेव्हापासून दर दहा मिनिटांनी माझ्या कानात एक बाई बोलते. "आपल्या यंत्रात अनधिकृत बदल आढळला आहे. कृपया अधिकृत केंद्राशी संपर्क साधा." जेवताना, चालताना, सुतकी घरी भेटायला गेलो तेव्हासुद्धा. आवाज असा की प्रगतिपुस्तकावर सही मागायला आलेल्या स्वतःच्या मुलाशीही ही बाई नियमानं बोलत असेल. काकूच्या लॅपटॉपवर आता पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती येतात आणि ती, मला संशय आहे, त्या वाचते.

चूक माझी. ती मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

पण एक विचारतो. पियानोची चावी कुठल्या मापाची हे लावणाऱ्यालाच ठाऊक असतं. तीन प्रयत्न, यंत्राची सही, स्वतःला लावून घेतलेलं कुलूप... बटणांचे रंग बघणाऱ्या पोरीला हे सगळं इतकं तोंडपाठ कसं?

काका

*

दि. २४ फेब्रुवारी

ती. काका,

तीन कागद फाडले. हा चौथा.

मी रंग बघत नाही. ते कुलूप मी लिहिलंय. तीन प्रयत्नांचा नियमही माझा. साहेब पाच म्हणत होते, मी म्हटलं पाच फार ढिले होतात. त्याबद्दल मला काचेची एक चौकोनी वीट बक्षीस मिळाली. ती मी टेबलावर ठेवलीय, तिच्यावर पाकिटं टेकवून ठेवते.

आणि ती बाई मीच आहे. बाहेरचा आवाज घ्यायला वेळ नव्हता, म्हणून सामानाच्या खोलीत, घुमू नये यासाठी कोटांच्या रांगेत उभं करून, माझाच आवाज घेतला. साहेब म्हणाले, आईसारखा हवा, पण रागावलेल्या आईसारखा. नऊ वेळा म्हणून घेतलं. तो तुमच्या कानात जाईल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. खरं तर कुणाच्याच कानात जाईल असं आलं नव्हतं, आणि तेच वाईट.

आम्हाला सांगितलं होतं की हे सुरक्षेसाठी आहे. आवाज किती चढू द्यायचा याची मर्यादा सुरक्षेसाठी हवीच, ती वेगळी आहे आणि तिला कुणी हात लावू नये. पण शिट्टीच्या पहारेकऱ्याला कुलूप कशाला? तुमच्या पत्रानंतर मी तक्रारींचं कपाट उघडलं. म्हणजे फाइल. संगीताबद्दल दोनशे बारा तक्रारी आहेत. सगळ्यांवर एकच शेरा : 'वापरकर्त्याची अपेक्षा अवाजवी. बंद.' एका गाणाऱ्या बाईंनी लिहिलंय की यंत्र लावल्यापासून त्यांचा आवाज थरथरतो, वय झालं असेल, म्हणून त्यांनी गाणं सोडलं, पण एकदा खात्री करून सांगाल का. त्यांना कुणीही सांगितलं नाही. वर्ष झालं. मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, "बटण उघडं ठेवलं तर पॅकेज कोण घेईल?" इतकं सरळ बोलले की मला राग यायलाही वेळ लागला.

एक मार्ग आहे. कर्मचाऱ्याचे नातेवाईक म्हणून तुमच्यापुरतं कुलूप काढून बटण उघडून देता येतं. फक्त कुणाला सांगणार नाही अशा कागदावर सही द्यावी लागेल. कागद सोबत पाठवलाय. सही करून लगेच पाठवा, मेच्या आत होईल.

मुंगी

*

दि. ८ मार्च

मुंगे,

वाईट वाटलं. किती, ते लिहीत बसत नाही.

दर दहा मिनिटांनी पुतणीच मला अनधिकृत म्हणते हे कळल्यावर काकू म्हणाली, "निदान नियमानं आठवण तरी काढते." मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी दाढी करताना हसलो.

कागद कोराच परत पाठवतोय. मला वशिल्याचा कान नको. मी सही करीन आणि पियानो लावीन, आणि त्या गाणाऱ्या बाई वय झालं म्हणून गप्प बसतील, आणि मला कारण ठाऊक असून मी तोंड शिवून बसायचं? त्यापेक्षा शेळी बरी.

क्लिनिकच्या बाकावर एका निवृत्त शिक्षिका भेटल्या, पदार्थविज्ञान शिकवायच्या. त्यांचेही कान गेलेले, आणि यंत्र माझंच मॉडेल. आम्ही दोघं इतक्या मोठ्यानं बोलत होतो की बाकीचे आपले नंबर विसरले. त्या आणि जगभरचे पंधरा-वीस जण मिळून ओपन सोर्स प्रोग्रॅम लिहितात, यंत्राची जुळणी ज्याची त्याला करता यावी म्हणून. मी क्रॅकवाल्याची हकिगत सांगितली तर त्यांनी चांगलेच कान उपटले. म्हणाल्या, "त्यानं एक झाकलेलं काढून दुसरं झाकलेलं तुमच्या कानात घातलं. आमचं सगळं उघडं आहे. ओळ न् ओळ वाचा, पटली तर घ्या." मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण कुणीतरी वाचू शकतं हे कळतं. आणि आवाजाची मर्यादा त्यांनीही घातली आहे, तुझ्या कंपनीपेक्षा कडक. ती का, हे मात्र शेजारीच लिहिलंय.

आपल्या मॉडेलवर मात्र त्या आठ महिने अडकल्या आहेत. यंत्र आणि कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात, तिच्यातला एक दुवा सापडत नाही.

मी तुला काही विचारत नाही. विचारलं तर तू पेचात पडशील. न विचारताही पडशील, पण तो पेच तुझा असेल.

काका

*

दि. २ मे

माझ्या गुणी मुंगे,

दोन महिने तुझं पत्र नाही, आणि का नाही ते मला कळलं!

त्या शिक्षिकाबाईंचा प्रोग्रॅम आपल्या मॉडेलवर चालला. अडलेला दुवा सुटला. परवा त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर माझी यंत्रं जोडली. आधी तू बोलायची थांबलीस (माफ कर, पण काय सुख!) आणि मग पडद्यावर ते बटण दिसलं. काळं. बाई म्हणाल्या, "दाबा. तुमचं आहे." मी दाबलं.

काल संगीतशाळेत सहा तास बसलो. मधली पट्टी धरली. सूर निघाला तो सरळ गेला, गेला, बारीक होत संपला, आणि कुठं संपला हेसुद्धा मला ऐकू आलं. मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं मला बरं नाहीये. रुमाल घेऊन आल्या.

बाईंना विचारलं, दुवा सुटला कसा? नुसत्या हसल्या. मी काय समजायचं ते समजलो. नाव घेत नाही. पण मी त्यांना म्हटलं, माझ्या पुतणीच्या धाडसाला तोड नाही. काकूनं तुझा फोटो पुढच्या खोलीत आणून लावलाय.

अभिमानानं,
काका

*

दि. १३ मे

ती. काका,

फोटो काढा. मी काही केलेलं नाही.

तो दुवा लिहिलेला कागद माझ्यासमोर उघडा होता. नऊ दिवस. रोज सकाळी वाटायचं आज पाठवू, रोज संध्याकाळी वाटायचं घराचं भाडं, आईचं औषध, ही नोकरी. पाठवला नाही. मग एप्रिलच्या मध्याला एका मंगळवारी ऑफिसात बोंब उठली, बाईंच्या गटानं प्रोग्रॅम बाहेर काढला. कंपनीलाही तुमच्यासारखंच वाटलं. तुमची तक्रार, आपलं आडनाव, सगळं काढून दोन माणसांनी मला तीन दिवस बिनखिडकीच्या खोलीत बसवलं. त्यांना काही सापडलं नाही, कारण नव्हतंच. 'हे मी केलं नाही' अशा कागदावर सही घेतली. अक्षर न् अक्षर खरं होतं. आयुष्यात सही करताना इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पुढचंही सांगून टाकते. मग मलाच काम दिलं : बाईंचा प्रोग्रॅम चालणार नाही असं नवं कुलूप बनव, पुढच्या अपडेटमध्ये घालू. काका, मी ते बनवायला घेतलं. अकरा दिवस केलं. बरं जमत होतं, हे सांगायलाही लाज वाटते.

बाराव्या दिवशी मीटिंग होती. मोठ्या पडद्यावर मी कुलपाचा आराखडा लावायचा होता. मी तक्रारी लावल्या आणि पहिलीपासून वाचायला लागले. साहेब म्हणाले, "हे काय चाललंय?" म्हटलं, "प्रत्येक तक्रार वाचली जाते असं आपण लिहितो ना? ती वाचतेय." विसाव्या तक्रारीला पडदा बंद झाला. गाणाऱ्या बाईंची मला पाठ होती, ती अंधारातच म्हटली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारचा आपल्या नखांकडे बघत होता. राजीनामा मी टाकला की त्यांनी घेतला, यावर अजून वाद आहे.

निघायच्या आधी त्या गाणाऱ्या बाईंना फोन केला आणि सांगितलं की तुमचा आवाज ठीक आहे. त्यांना नीट ऐकू येईना. चार वेळा सांगावं लागलं. चौथ्या वेळी मी ओरडत होते आणि रडत होते.

अपडेट आलं तर घेऊ नका. एवढंच सांगू शकते. बाकी गुपितं सही करून तिथंच ठेवून आलेय.

मुंगी

*

दि. २६ मे

चि. मुंगे,

तुझं पत्र घेऊन मी बाईंकडे गेलो. दुवा तुझ्याकडून आला नव्हता, तर मग आला कुठून?

त्यांनी जाड वह्यांची चळत पुढं सरकवली. नऊ महिने रोज सकाळी यंत्र जोडायचं, एकेक आकडा बदलत जायचं, दर वेळी काय झालं ते लिहायचं. चौदा हजार नोंदी. म्हणाल्या, "तुम्ही पुतणीचं कौतुक करत होतात तेव्हा हसू आलं. शाळेतही असंच व्हायचं. उत्तर मी काढायची, आणि लोक विचारायचे, हे कुठल्या सरांनी सांगितलं?"

मी लाजेनं अर्धा झालो. पियानो नीट लागला की लोक पियानोच्या कंपनीचं नाव घेतात तेव्हा चिडणारा मी. माफी मागायला लागलो, ती लांबत गेली, तेव्हा बाईंनी शांतपणे आपली दोन्ही यंत्रं काढून टेबलावर ठेवली. बहिऱ्या माणसाचं याहून स्पष्ट उत्तर नसतं.

फोटो काढला नाही. काकू म्हणाली, जी नऊ दिवस घाबरली आणि बाराव्या दिवशी उभी राहिली तिचा फोटो राहू दे. मी म्हटलं अकरा दिवस कुलूपही केलं. ती म्हणाली, "तुम्ही क्रॅकवाल्याकडे गेला होतात, गप्प बसा."

कार्यक्रम झाला. पियानोबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आमच्या धंद्यात यालाच शाबासकी म्हणतात.

बाईंचा तुला निरोप आहे : "तिच्याकडून एकही गुपित नको, ते आमचं आम्ही काढू. वेळ असेल तर आमच्या प्रोग्रॅममध्ये एक चूक आहे, ती दुरुस्त करून दाखवावी. पण लिहिलेलं मी तपासणार." पत्ता खाली देतोय. सांभाळून, लाल पेन अजून चालू आहे.

काका

*

दि. १९ जून

ती. काका,

नवी नोकरी अजून नाही. दोन ठिकाणी बोलणं चाललंय, आईला खरं सांगितलंय, तिनं खर्चाच्या वहीऐवजी आधी चहा पुढं ठेवला.

बाईंची चूक दुरुस्त करून पाठवली. सतरा ओळी. कंपनीत असताना मी अशा सतरा ओळी चहा गार होण्याआधी लिहायची. तीन तासांत परत आल्या, चार खुणा करून. पहिली खूण : 'हे नाव असं का? वाचणाऱ्याला कळणार नाही.'

वाचणाऱ्याला! काका, दहा वर्षं मी लिहीत आले ते कुणाला वाचताच येऊ नये म्हणून. त्याचाच पगार होता. वाचणारा म्हणून कुणी असतो, आणि त्याला कळावं अशा बेतानं नावं ठेवायची असतात, हे मी विसरूनच गेले होते. तासभर त्या एका नावावर बसले. पहिल्या तीन चुका कबूल केल्या.

चौथी मला मान्य नाही. त्यावरून बाईंशी चार दिवस भांडण चाललंय, गटाच्या उघड्या पानावर, सगळ्यांच्या देखत. कुठल्या तरी दूरच्या गावचा एक चेलो वाजवणारा मध्ये पडलाय आणि तो बाईंची बाजू घेतोय. बहुतेक मीच चुकलेली आहे. पण त्यांनी ते मला पटवून द्यावं लागेल, नुसतं सांगून चालणार नाही, आणि गंमत म्हणजे त्या पटवून देतायत.

त्यांचं उत्तर आत्ताच आलंय. लांबलचक आहे. पत्र इथंच थांबवते.

मुंगी